एकट्याचं पान

बाबांच्या बोलण्यात एक शब्द नेहमी यायचा, जो आता मुंबईत फारसा कानावर पडत नाही: खाडा. खानावळीत महिन्याचे पैसे बांधलेले असत. एखाद्या वेळी जेवायला येणार नसलात तर आधी सांगून ठेवायचं, म्हणजे त्या वेळचं तुमचं पान मांडलं जात नसे आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा होत. तो खाडा. न सांगता गैरहजर राहिलात तर पैसे गेलेच, वर दुसऱ्या दिवशी मावशीचं बोलणं: "अरे, तुझ्या वाटचो बांगडो मी कोणाक घालू?"

१९६१ साली दिवाळी आटोपून बाबा वेंगुर्ल्याहून बोटीने निघाले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. वय एकोणीस. परळच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकली, ट्रंक भिंतीला लावली आणि त्याच चाळीच्या तळमजल्यावर मावशीकडे जेवायला जाऊ लागले. मावशी खरी मावशी नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत ती पंचवीस पुरुषांना पाळीपाळीने जेवू घालायची. पहिल्या दिवशी तिने बाबांना नाव विचारलं नाही. "खंयचो रे तू?" एवढंच विचारलं. गाव कळल्यावर आमटीत तिरफळ चालतं की नाही हे विचारायची गरज तिला उरली नसावी.

या शहरातल्या हॉटेलांविषयी लोक तासन् तास बोलू शकतात. सुरमई कुठे चांगली मिळते, मिसळ कुठली, बिर्याणी कुणाची. मीही बोलते, भांडतेसुद्धा. पण मनातल्या मनात मी हॉटेल जोखते ते एकाच गोष्टीवर. एकटं माणूस आत आलं तर त्याचं पान कसं मांडलं जातं? कारण मुंबईचं बाहेरचं खाणं सुरू झालं ते हौसेपोटी नव्हे. ते सुरू झालं ज्यांची चूल गावाकडे राहिली होती अशा माणसांसाठी. रत्नागिरीचा गिरणीकामगार, उडुपीचा पोऱ्या, मद्रासकडचा टंकलेखक, यज्दहून आलेला इराणी, फाळणीनंतर आलेला पंजाबी. प्रत्येकाला आपली आमटी आठवत होती आणि प्रत्येकाच्या मागोमाग ती आमटी रांधणारं कुणीतरी या बेटावर आलं.

खानावळवालीचं काम इतिहासात नीट नोंदलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. १९७४ च्या ४२ दिवसांच्या गिरणी संपात पगार थांबले, पण गिरणगावात जेवणाच्या पंगती थांबल्या नाहीत. बायांनी उधारीवर वाढलं, त्यासाठी स्वतः कर्जं काढली, दागिने मोडले. प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या दारात न जाता या बायांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. १९८२ चा संप आला तेव्हा मी लहान होते. तो संप ज्यांच्या चुलीवर इतके दिवस तगला, त्या बायकांचे फोटो वर्तमानपत्रात मी पाहिल्याचं आठवत नाही.

मावशीकडे जेवणाऱ्या पंचवीसजणांत एकही बाई नव्हती. हे कळायला मला स्वतः नोकरीला लागावं लागलं. १९९४ साली फोर्टमध्ये नोकरी लागली आणि एका दुपारी डबा घरी राहिला म्हणून मी जवळच्या एका हॉटेलात शिरले. वेटरने विचारलं, "मॅडम, अजून कोण येणारै?" कुणी नाही म्हटल्यावर त्याने मला हात धुण्याच्या बेसिनजवळच्या टेबलाकडे नेलं. समोर दोन रिकामी टेबलं होती. पाणी उशिरा आलं, ताट त्याहून उशिरा आलं. शेजारी हात धुणाऱ्यांचं पाणी माझ्या बाहीवर उडत होतं. जेवण वाईट नव्हतं, पण मला एकही घास आठवत नाही. त्या रात्री बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "उद्या माटुंग्याला जाऊ."

माटुंगा स्टेशनला लागून ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. नावातला 'बोर्डिंग' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. दक्षिणेकडून आलेल्या एकट्या नोकरदारांना दोन वेळचं घरचं जेवण, ही त्याची मूळ प्रतिज्ञा. मणीज लंच होम त्याहून थोडं जुनं, १९३७ चं. कॅफे मद्रास १९४० चं. माटुंग्यात या पंगतीला तोटा नाही. रामा नायकांकडे तुम्ही किती जण आहात हे कुणी विचारलं नाही, म्हणजे विचारलं ते फक्त पैसे घेण्यापुरतं. जिथे जागा रिकामी झाली तिथे बसायचं. समोर अनोळखी माणूस, बाजूला अनोळखी माणूस. केळीचं पान ओलं करून पुसलं, भाजी आली, कोशिंबीर आली, रस्सम आलं, भातावर सांबार, मग पुन्हा भात. वाढपी माझ्या पानाशी तेवढाच थांबला जेवढा शेजारच्या जाड्या गृहस्थांच्या पानाशी. ताक घेणार का, हे दोनदा विचारलं. त्या खोलीत सगळेच एकटे होते, म्हणून कुणीच एकटं नव्हतं. मी पोटभर जेवले. बाबांनी माझ्याकडे न पाहता पायसमची वाटी माझ्याकडे सरकवली.

इराण्याकडे एकटेपणाला वेगळी इज्जत होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यज्द, केरमानकडून आलेल्या झरतुष्ट्री लोकांनी ही हॉटेलं काढली, बहुतेक रस्त्यांच्या कोपऱ्यांवर. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार घेत नसत आणि ती इराण्याला स्वस्तात मिळे, असं सांगतात. कोपरा असल्यामुळे दोन्ही बाजूंनी उजेड येतो. संगमरवरी टेबल, वळवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्यांत खारी आणि नानकटाई. एक पानी कम चाय आणि ब्रून मस्का घेऊन माणूस तासभर पेपर वाचत बसला तरी त्याला कुणी उठवत नसे. आणि आत लाकडी आडोशाची फॅमिली रूम असायची, जिथे बायका निवांत बसू शकत. धोबी तलावची कयानी १९०४ ची, ग्रँट रोडची मेरवान १९१४ ची. मेरवानचा मावा केक सकाळीच संपतो, म्हणून आमच्याकडे तो आणायचा मान लवकर उठणाऱ्याचा.

बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया १९२३ पासूनची. ती कचेऱ्यांच्या वस्तीत आहे, म्हणून दुपारच्या जेवणापुरतीच उघडायची. तिथला बेरी पुलाव बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने इराणातल्या मुक्कामातून आणलेला. भातावर पसरलेली ती लालचुटूक आंबट फळं इराणची झरेश्क. भात गोडसर, मटण तिखटसर आणि मधेच दाताखाली ते आंबट येतं, की पुढच्या घासाची वाट बघावीशी वाटते. बोमन कोहिनूर अगदी म्हातारपणीसुद्धा टेबलाटेबलाशी जाऊन गप्पा मारत. २०१९ मध्ये ते गेले. मी तिथे एकटीच जायचे आणि माझ्या टेबलाशीही ते थांबायचे. काय मागवलंय, हे ऐकून घ्यायचे आणि सोबत लिंबू सरबत घे म्हणायचे. एवढंच. पण दुपारभर माझं मन त्यावर हलकं राहायचं.

आता मासे. इथे मी थांबणार, कारण समुद्रकाठच्या शहरात हॉटेलची खरी परीक्षा इथेच आहे. एक बांगडा घ्या. मालवणी हॉटेलात तो तिरफळ आणि कोकमाच्या आगळात येतो, नारळाच्या वाटणात, आणि सोलकढी त्याचा राग शांत करते. कोळणीच्या हातचा असेल तर नारळ कमी किंवा नाहीच, लसूण ठेचून आणि कैरी असेल तर कैरी. मंगळुरी खानावळीत ब्याडगी मिरचीच्या लाल गस्सीत तो पोहतो आणि बरोबर नीर डोसा येतो. वसई आणि वांद्र्याच्या ईस्ट इंडियन घरांत बाटलीत भरून ठेवलेला बॉटल मसाला त्यावर चढतो, पण तो हॉटेलात क्वचितच भेटतो, त्यासाठी ओळख लागते. हा मासा एकाच पाण्यातून येतो, एकाच पहाटे ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर उतरतो. दुपारी एक वाजता त्याचे चार धर्म झालेले असतात. दादर आणि गिरगावातली गोमंतक, मालवणी हॉटेलं माझ्या मते या शहराची सर्वांत मोठी श्रीमंती आहेत. तिथल्या बायका अजूनही पहाटे वाटण वाटतात आणि ते त्या आमटीत कळतं.

चांगल्या माशाच्या हॉटेलाची माझी एक खूण आहे. तिथला माणूस 'नाही' म्हणू शकतो. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, माशांची पैदास व्हावी म्हणून. त्या दिवसांत पापलेट मागितल्यावर "आज नको घेऊ, बर्फातलं आहे, सुक्याची किसमूर खा" असं जिथे सांगतात, तिथे मी आयुष्यभर जाते. पापलेटाची स्थिती तशीही चिंतेची आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य मासा जाहीर केलं, त्यामागे लहान पापलेटं पकडली जाऊ नयेत ही कळकळ होती. तळहाताएवढ्या पापलेटाच्या फ्रायची थाळी समोर आली की मला जेवण गोड लागत नाही, आणि ते मी गल्ल्यावर सांगते. बहुतेक जण ऐकून घेतात.

कोळंबी कोलिवाडा हे नाव वाचून मला वर्षानुवर्षं वाटायचं की ही आगरी-कोळ्यांची पाककृती. ती आहे सायन कोळीवाड्याची, म्हणजे फाळणीनंतर तिथे वसवलेल्या पंजाबी निर्वासितांची. बेसनाच्या आवरणात ओव्याचा वास, हा अमृतसरकडच्या मासे तळण्याचा नातलग. वस्तीच्या जुन्या नावाने पदार्थ जगभर गेला आणि स्टेशनला गुरू तेग बहादूर नगर हे नाव मिळालं. घर सोडून आलेल्यांनी मुंबईच्या समुद्रातली कोळंबी आपल्या हातच्या पिठात बुडवली. यापेक्षा या शहराची अधिक खरी कहाणी मला ठाऊक नाही.

शाकाहारी मराठी खाण्याचं म्हणाल तर दादर. स्टेशनजवळचं मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० चं. प्रकाशमधलं पीयूष आणि साबुदाणा वडा, आस्वादची मिसळ. ही नावं दादरकर एवढ्या सहज घेतात की मी वर्णन करत बसत नाही. मात्र वडापाव नोंदवायला हवा. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं मानतात. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाव, समोर गाडी लागायची वाट बघणारा माणूस. ज्याला टेबलच नाही त्याच्यासाठीसुद्धा या शहराने ऊन जेवण काढलं.

बाबांची गिरणी आता नाही. त्या आवारात काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत महागडी रेस्टॉरंट्स. मी तिथेही जाते, माझा त्यांच्यावर राग नाही. गेल्या वर्षी तिथे एका तरुण स्वयंपाक्याने बोंबील इतका हलका तळून दिला होता की आत तो दुधासारखा राहिला होता, आणि त्याने मला उघड्या स्वयंपाकघरासमोरच्या काउंटरवर बसवलं होतं, एकट्या माणसांसाठी ठेवलेल्या जागेवर. मी त्याला सांगितलं की इथे खालीच कुठेतरी एका खोलीत माझे वडील बांगडा जेवायचे. त्याने हातातलं काम थांबवून विचारलं, "तिरफळ घालून?" तो मूळचा कणकवलीचा निघाला.

बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक लहानशी वही सापडली. महिन्यांची नावं आणि खाडे. मावशीला लिहिता येत नव्हतं. ती भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची आणि बाबा आपल्या वहीत. एप्रिलमध्ये दोन, एका ऑगस्टमध्ये आजारपणाचे नऊ. मे १९६८ मध्ये सलग चौदा. त्या वर्षी ते लग्नासाठी गावी गेले होते.

मी वही आईला दाखवली. तिने बोट त्या चौदा रेघांवर ठेवलं. म्हणाली, मुंबईत आल्यावर पहिलं जेवण मावशीकडेच झालं. स्टोव्ह अजून आणायचा होता. खोलीभर पुरुष जेवत होते आणि दारातच ती थबकली, आत जावं की न जावं. मावशीने तिला पाहिलं, बाबांना पंगतीत बसवलं आणि आईचा हात धरून तिला आत चुलीपाशी नेलं. तिचं पान मांडलं. बांगड्याच्या दोन तुकड्या घातल्या. मग बाकी सगळ्यांना वाढायचं तसंच ठेवून, मावशी आपलं ताट घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली.