कड्याला चिकटू नका, बॉस!

मुरबाडला वीकेंड ट्रिप म्हटली की आपली गाडी आपोआप माळशेजच्या धबधब्यांकडे वळते. पण मंडळी, एकदा म्हसामार्गे देहरी गाठा. गोरखगड आणि मच्छिंद्रगड, दोन सुळके अगदी शेजारी शेजारी! कातळात खोदलेल्या पायऱ्या, वर गुहा, समोर खोल दरी आणि पलीकडे मच्छिंद्रचा सुळका. एवढी सॉलिड फ्रेम दिसल्यावर कुणाच्या तरी सॅकमधून ड्रोन निघणारच.

आमच्याही ग्रुपमध्ये निघाला. पण आमचा पायलट मित्र दहा मिनिटं नुसता कड्याकडे बघत बसला. "काय शोधतोयस रे?" "मोहोळ." सह्याद्रीच्या कपारींत आग्या मोहोळं लटकलेली असतात. ड्रोनच्या घरघरीने माश्या उठल्या, तर खोदीव पायऱ्यांवर अडकलेल्या ट्रेकर्सनी पळायचं कुठे? ड्रोन आपला असतो, डंख मात्र दुसऱ्याला बसतो.

बाकीचा फंडाही समजून घ्या. कड्याजवळ गेलं की अर्धं आकाश झाकलं जातं. जीपीएसला उपग्रह कमी मिळतात, काही सिग्नल कातळावर आपटून येतात. मग ड्रोनला आपली जागा नीट कळत नाही आणि तो सरकायला लागतो. त्यात कड्यावरून उसळणारा वारा! नाणेघाटात पावसाळ्यात हाच वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, तिथे पाव किलोच्या ड्रोनची काय कथा?

सेन्सर आहेत की, असं म्हणाल. पण बऱ्याच छोट्या ड्रोनना बाजूचं दिसतच नाही. वायर, वाळक्या फांद्या तर भल्याभल्या सेन्सरना चकवतात. स्पोर्ट मोडमध्ये ही अडथळा टाळायची सोय बहुतेकदा बंदच होते.

सगळ्यात फसवं बटण म्हणजे 'रिटर्न टू होम'. साधारणपणे ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतो, मग सरळ रेषेत घरी येतो. मध्ये सुळका असेल आणि ती उंची कमी असेल, तर थेट कातळ! कपारीखाली असेल, तर डोकं छताला. म्हणून उंची आधीच सेट करा, गुहेतून उडवू नका, ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नका. खाली पायऱ्यांवर माणसं असतील तर उड्डाण कॅन्सल.

ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. म्हणून कुठेही उडवा असं नाही. ग्रीन झोनमध्येही मर्यादा ४०० फुटांची. झोनचा नकाशा बघा, वन खात्याला विचारा. जवळचा सिद्धगड तर भीमाशंकर अभयारण्यात येतो, तिथे ड्रोन घरीच बरा.

आणि खरं सांगू? जवळून घेतलेल्या शॉटमध्ये फक्त दगड दिसतो. सुळका किती उंच आहे, हे लांबूनच कळतं.