लसीचं दुसरं काम

घाटंजी, ८ नोव्हेंबर २०२५

भाऊजींचा तुकड्याचा रिपोर्ट आला. मूत्राशयात कॅन्सर, जात जहाल. पण स्नायूत शिरलेला नाही. गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली आहेच. जखम भरली की पिशवीत बीसीजी सोडणार. हे नाव ऐकून मी चमकले. आरोग्यसेविकेच्या नोकरीत बाळांच्या डाव्या दंडावर हीच क्षयाची लस टोचत आले. सुई कातडीलगत आडवी धरायची, ०.०५ मिली, मसुरीएवढा पांढरा फुगा उठला की टोचणी बरोबर.

भाऊजींच्या लघवीतून पोळ्यापासून रक्त जात होतं. "दुखत त नाही, मंग कायले सांगाव?" न दुखता जाणारं रक्त हीच तर या रोगाची पहिली खूण. इतके दिवस वाया गेले, याचं फार वाईट वाटतं.

१२ नोव्हेंबर

रात्री वाचत बसले. क्षय झालेल्यांच्या शवविच्छेदनात कॅन्सर कमी आढळतो, असं अमेरिकेत रेमंड पर्ल यांनी १९२९ साली मांडलं होतं. १९७६ साली कॅनडातल्या किंग्स्टनच्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी सोडल्याचे निष्कर्ष छापले. लसीतले जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात, त्यांच्यावर शरीराच्या संरक्षक पेशी तुटून पडतात आणि त्या धुमाळीत कॅन्सरच्या पेशीही मरतात.

भाऊजींनी विचारलं होतं, "सहाच डोस कायले बाई?" मोरालेस यांच्या वेळी लस सहा कुप्यांच्या खोक्यात यायची, म्हणून त्यांनी आठवड्याला एक असे सहा डोस दिले! तीच रीत आजही चालू आहे.

२० नोव्हेंबर

नागपूरला पहिला डोस. कुपीवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं नाव पाहून बरं वाटलं. बाळाच्या डोसाच्या शेकडो पट औषध. बारीक नळीतून आत सोडलं, मग दोन तास लघवी रोखायची. जंतू जिवंत असतात, म्हणून घरी सहा तास बसूनच लघवी करायची आणि दर वेळी संडासात ब्लीचिंगचं पाणी टाकून ठेवायचं. ताईला दोनदा समजावलं.

२८ नोव्हेंबर

काल दुसरा डोस झाला. जळजळ, अंगात कसकस. बीसीजी लागू पडली नाही तर बऱ्याचदा अख्खी पिशवी काढावी लागते. ती वाचवण्यासाठी अमेरिकेत २०२२ मध्ये जनुकीय औषधाला, तर २०२४ मध्ये बीसीजीसोबत द्यायच्या, संरक्षक पेशींना चेतवणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली. पण भाऊजींच्या खिशात आजही बिडीचं बंडल सापडलं. धुरातलं विष रक्तातून मूत्रपिंडात येतं आणि लघवीबरोबर तासन्‌तास पिशवीत साचून राहतं. बंडल त्यांच्यासमोर चुलीत टाकलं. ते काही बोलले नाहीत.

५ डिसेंबर

जिनिंगवरचा एक हमाल भाऊजींची विचारपूस करायला आला. उठता उठता हळूच म्हणाला, "बाई, मलेही लाल होते कधी कधी." उद्या सकाळच्या बसने त्याला घेऊन यवतमाळला जाते, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी, दोन्ही करून घेऊ.