खरारा

नवा गेम आला की पहिला प्रश्न ठरलेला : किती तासांचा? खाऊचे पैसे साठवून वर्षाकाठी एखादाच गेम घेणाऱ्या पोराने तो विचारावाच; त्याला सुट्टीभर पुरायला हवा. कंपन्यांनाही हे ठाऊक असतं. मग पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवावं, तशा नकाशावर खुणा वाढत जातात. इथे दहा पिसं गोळा करा, तिथे आणखी एक बुरूज चढा. तास भरतात, मन भरत नाही.

पण लांबी म्हणजे पाणीच, असंही नाही. 2018 सालचा 'रेड डेड रिडेम्प्शन 2' घ्या. नुसती मुख्य गोष्ट संपवायला चाळीस-पन्नास तास लागतात. 1899 ची अमेरिका, कायद्यापासून पळणारी एक टोळी आणि तिच्यातला आर्थर मॉर्गन. इथे घाई चालत नाही. आर्थरची दाढी आपसूक वाढते. घोडा चिखलाने माखतो, त्याला खरारा करावा लागतो. ब्रश फिरेल तसं वाळलेल्या चिखलाखालून तुकतुकीत अंग वर येतं. चारायचं, थोपटायचं, मग कुठे तो माणसाळतो. सुरुवातीला वैताग येतो. गोळीबार सोडून हे काय मोतद्दाराचं काम! पुढे कर्जवसुलीला गेलेल्या आर्थरच्या तोंडावर एक आजारी माणूस खोकतो. आपण ते विसरूनही जातो. कितीतरी तासांनी आर्थर स्वतः खोकू लागतो, डॉक्टर क्षय सांगतात, तेव्हा मधला सगळा काळ एकदम अंगावर येतो. शेवटाकडे घोडा गोळी लागून कोसळतो आणि आर्थर त्याच्यापाशी बसून त्याचे आभार मानतो. त्या क्षणी आपल्या बोटांना ते सगळे खरारे आठवतात. दोन तासांच्या गेममध्ये हाच प्रसंग आला असता तर एक जनावर मेलं, एवढंच वाटलं असतं.

उलट 2012 चा 'जर्नी' दोनेक तासांत आटोपतो. वाळवंट, दूरवर उजळलेलं डोंगराचं टोक, आणि वाटेत भेटलेला कुणीतरी. तोही जगाच्या पाठीवर कुठेतरी बसून खेळत असतो. पण ना त्याचं नाव दिसत, ना बोलायची सोय. फक्त एक नाजूक साद घालता येते. बर्फातल्या चढणीवर वारा झोडपतो, गळ्यातलं लांब उपरणं आखडत जातं आणि दोघं एकमेकांना खेटून चालू लागतात. सोबत्याचं नाव कळतं ते सगळं संपल्यावर. हाच सोबती वीस तास राहिला असता तर त्याच्या खोडी कळल्या असत्या, तो रेंगाळतो म्हणून चिडचिड झाली असती. ओळख व्हायच्या आत निरोप झाला, म्हणून ती माया टिकली.

आणि आपल्याकडे कॅसेट घालून खेळलेला मारिओ? 1985 चा तो गेम अवघ्या 40 किलोबाइटचा. जागा वाचवायला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच चित्रातून काढलेलं. रंग तेवढा वेगळा. सराईत खेळाडू चोरवाटांनी पाच मिनिटांच्या आत शेवट गाठतात. आम्हाला तो अख्खी मे महिन्याची सुट्टी पुरला. खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. तरी कंटाळा आला नाही, कारण दर खेपेला हात थोडा जास्त शहाणा झालेला असायचा.

वेळ खर्ची पडला आणि काहीतरी बदललं, घोड्याशी नातं जडलं किंवा हाताला उडी जमली, तर तो वेळ गेमचा. बाकीचा आपल्या आयुष्यातून उसना घेतलेला, आणि तो कुणी परत करत नाही. म्हणून आता मला कुणी एखाद्या गेमचे तास विचारले की मी आकडा सांगते, आणि त्यातले किती वगळले तरी चालतील, हेही सांगून टाकते.