डावा कॉर्नर

मे 2018 च्या अखेरीस मुंबईत प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामाचा लिलाव झाला आणि इराणच्या फझल अत्राचलीला यू मुंबाने एक कोटीला घेतलं. कबड्डीत कोटीचा आकडा पहिल्यांदा ऐकू आला तो एका डाव्या कॉर्नरसाठी, याचा मला कोण आनंद झाला होता. चढाईवाल्यांच्या खेळात पकडवाल्याला भाव आला! पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवली फास्टमधल्या आमच्या ग्रुपात फझलचं नाव एकदाच निघालं. ठाणं येईपर्यंत बोलणं चाललं होतं ते दुसऱ्याच एका डाव्या कॉर्नरबद्दल. वय वर्षं एकोणीस, मुक्काम कल्याण पूर्व.

‘फ्युचर कबड्डी हीरोज’ म्हणून नव्या पोरांची निवड चालायची, त्यातून तो वर आला होता आणि एका संघाने त्याला घेतलं होतं. संघाचं नाव सांगत नाही, पुढे कळेल का ते. पोरगा आमच्या मंडळाचा. मी त्याच मंडळाकडून नव्वदच्या दशकात कव्हरला खेळलोय, तेही लाल मातीत. गुडघा गेला, नोकरी लागली आणि मी ‘जाणकार’ झालो. डब्यात कबड्डीवर शेवटचा शब्द माझा असे. निदान मला तसं वाटे.

पैज लागली ती तेव्हाच. बँकेतला एक तरुण पोरगा दिव्याला चढायचा. त्याच्या मोबाईलमध्ये सगळ्यांचे आकडे. तो म्हणाला, “पहिल्या हंगामात चाळीस पकडी. त्याच्या खाली आला तर वाया गेला समजा.” ग्रुपातले अण्णा खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “बाळा, तू बँकेत लागलास तेव्हा पहिल्या वर्षी तुला मॅनेजर केलं होतं का रे?” डबा हसला. अण्णांचं मत ठरलेलं होतं. कॉर्नरला तीन वर्षं द्यायची. पहिलं वर्ष बाकावर, दुसरं वर्ष चुका करायला, तिसऱ्या वर्षी बघायचं.

मी मध्ये कुठेतरी होतो. म्हणजे बोलायचो अण्णांसारखं, आणि मनात चाळीसचा आकडा घेऊन झोपायचो.

सगळ्यांना आधाराला एकच नाव होतं, गिरीश इरनाक. कल्याणचाच, डावा कॉर्नरच. त्या जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं, तेव्हा रिशांक देवाडिगाच्या त्या संघात गिरीश होता. ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला जे बारा जण गेले त्यात महाराष्ट्राचे रिशांक आणि गिरीश हे दोघं होते. “आपल्या पत्री पुलाच्या अलीकडे-पलीकडे कॉर्नर पिकतात,” असं कुणीतरी म्हणालं आणि ते डब्याचं वाक्य होऊन गेलं. अशा वाक्यांनीच घोटाळा होतो. एका गावात दोन चांगले आंबे लागले की लोक प्रत्येक कैरीला हापूसच्या भावाने पाहतात.

जकार्ताच्या त्या स्पर्धेत काय झालं ते ठाऊक आहेच. 1990 पासून पुरुषांचं सुवर्ण दुसऱ्या कुणाकडे गेलं नव्हतं. उपांत्य फेरीत इराणने आपल्याला 27-18 धरलं. धरलं हाच शब्द बरोबर आहे. आपले रेडर जात होते आणि अडकत होते. त्या संध्याकाळी डब्यात कुणी बोललं नाही, पण मला आतून एक गोष्ट पटली, की सामना पकडीवर जिंकतात आणि हे आपल्या लोकांना कळत नाही. फझल त्या इराणी संघात होता. तो 2015 मध्ये यू मुंबाकडे आला, कोटीला गेला 2018 मध्ये.

इथे थोडं खेळाबद्दल सांगायलाच हवं. रेडर एका गुणावरही उभा राहू शकतो. कुणाचा हात लांब असतो, कुणाची लाथ, कुणी हवेत उडतो. एक हत्यार नवं असेल तर समोरच्यांना ते ओळखेपर्यंत अर्धा हंगाम निघून जातो. कॉर्नरचं तसं नाही. त्याला पोटऱ्या वाचाव्या लागतात. रेडर पाय पुढे टाकतो तेव्हा दहापैकी आठ वेळा तो पाय खोटा असतो, त्यावर अंगाचा भार नसतो. भार आलेला घोटाच धरायचा. बिनभाराचा घोटा हातात आला तरी निसटतो, आणि हात लावला म्हणजे गुण गेला. बरं, तू एकटा धरून भागत नाही. शेजारचा कव्हर त्याच क्षणी पुढे यावा लागतो, नाहीतर रेडर तुला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. हे समजायला दोघांनी एकत्र किती सामने खेळावे लागतात याचं गणित कुठल्याच मोबाईलमध्ये नाही. त्यात आमचा पोरगा मातीतला. मॅटवर बूट घालून पाय रोवणं वेगळं.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणून पुढचं सांगताना जास्त लाज वाटते.

गणपतीत तो दीड दिवसासाठी सरावातून घरी आला होता. मी दर्शनाला गेलो. त्याच्या आईने ताटलीत मोदक दिले, वर तुपाची धार. पोरगा खांद्याने रुंद झाला होता आणि आवाजाने अजून लहानच. म्हणाला, “काका, सर म्हणतात आधी थांबायला शीक. महिनाभर मला पकडच करू देत नाहीत. नुसतं उभं राहायचं आणि रेडरला परत पाठवायचं.”

मी काय बोलावं? म्हणायला हवं होतं, की सर सांगतात ते कर. मी म्हणालो, “अरे, थांबलेला माणूस टीव्हीवर दिसत नाही. कार्डावर गुण लागतात. संधी मिळाली की घूस.”

तो मान डोलावून म्हणाला, “बरं काका.”

ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला. आमचा पोरगा बाकावर. टीव्हीवर बाकाकडे कॅमेरा गेला की घरी सगळे ओरडायचे. मी एक वही केली होती. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात पकडी, तिसऱ्यात दिलेले गुण. तीन आठवडे सगळीकडे शून्य. त्याच वेळी चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात धुमाकूळ घालत होता. त्याला घेतलं होतं छत्तीस लाखांच्या आसपास. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर चढाईचे 218 गुण होते आणि पुढच्या लिलावात तो 1 कोटी 45 लाखांना गेला. दिव्याचा पोरगा रोज सकाळी त्याचा आकडा वाचून दाखवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी सांगायचो, रेडर आणि कॉर्नर यांची तुलना करू नये. मग तो नितेश कुमारचा आकडा वाचायचा. यूपी योद्धाचा हा उजवा कॉर्नर, दुसराच हंगाम, आणि त्याने त्या वर्षी पकडीचे शंभर गुण केले. एका हंगामात शंभर करणारा तो पहिलाच. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांकडे होतं. “दुसरा हंगाम म्हणालास ना? मग आपल्या पोराचा दुसरा येऊ दे.”

दिवाळी नुकतीच झाली होती तेव्हा प्रो कबड्डीचा मुक्काम वरळीच्या डोममध्ये आला. आम्ही सात जण ऑफिसातून थेट निघालो, दादरला गाडी बदलली, महालक्ष्मीला उतरून चालत गेलो. तिकिटं वरच्या रांगेतली. तिथून मॅट पत्त्याच्या कॅटएवढं दिसतं.

शेवटची पाच मिनिटं. त्याचा संघ दोन गुणांनी पुढे. मुख्य डावा कॉर्नर बाद होऊन बाहेर बसला होता, एकाच्या पायात गोळा आला, आणि आमच्या पोराला उठवलं. आम्ही सातही जण उभे राहिलो. मागचा माणूस “बसा हो” म्हणाला, आम्ही बसलो नाही.

समोरच्या संघाची तिसरी चढाई होती. आधीच्या दोन रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत रेडरला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर तो बाद. म्हणजे आमच्या बाजूने काहीच करायचं नव्हतं. तीस सेकंद लांब राहायचं, बस्स. वीस सेकंद गेली. पंचवीस गेली. रेडर डाव्या बाजूला आला, पाय टाकला, आणि आमच्या पोराने झेप घेतली.

घोटा हातात आला नाही. त्याला बघून कव्हरही पुढे आला होता. रेडर दोघांना हात लावून परत गेला. दोन गुण, बरोबरी. पुढच्या दोन मिनिटांत लोण पडला आणि सामना गेला.

अण्णा खाली बसले. दिव्याच्या पोराने मोबाईल खिशात ठेवला. माझ्या कानात माझंच वाक्य वाजत होतं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली, पण कुणी बोलेना. तेव्हा फास्ट गाड्या ठाण्यानंतर पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. कितीही वाद पेटलेला असला तरी बोगद्यात शिरल्यावर आवाजाने तो बंद पडायचा आणि बाहेर आल्यावर पुन्हा पेटायचा. त्या रात्री बाहेर आल्यावरही पेटला नाही. (फेब्रुवारी 2022 मध्ये नव्या मार्गिका झाल्या, आता फास्ट गाड्या मुंब्र्याकडूनच जातात. वादांना विश्रांती म्हणून उरली नाही.)

त्या हंगामात तो पुन्हा उतरला नाही. पुढच्या वर्षी संघाने सोडलं, लिलावात बोली लागली नाही. एकूण पकडी शून्य, दिलेला गुण एक. “झालं, वाया गेला,” असं म्हणणारे भेटलेच, आणि आधी तीन वर्षं मागणारेही त्यांत होते. अण्णा नव्हते. अण्णा निवृत्त होऊन गावाला गेले. जाताना म्हणाले, “मी तीन म्हणालो होतो, त्यांनी एक दिलं. माझी पैज रद्द.”

मी मधली काही वर्षं त्याच्यासमोर गेलो नाही. मंडळाच्या पूजेला मागच्या मागे प्रसाद घेऊन निघायचो. दरम्यान आयपीएलमध्ये कल्याणच्याच गोलंदाज तुषार देशपांडेचं बघत होतो. 2020 मध्ये दिल्लीकडून सुरुवात, मग चेन्नईत जाऊन एकेका षटकाला लोकांच्या शिव्या, आणि 2023 मध्ये त्याच चेन्नईकडून 21 बळी आणि विजेतेपद. कुणीतरी त्याला धरून ठेवलं होतं. आमच्या पोराला कुणी धरलं नाही, आणि ज्याने सल्ला दिला तो मी.

शेवटी गेल्या हिवाळ्यात कल्याणच्या एका स्पर्धेत गाठ पडली. तो आता एका कंपनीच्या संघातून खेळतो, नोकरीही तिथेच. लग्न झालंय. चहाच्या टपरीवर मी धीर करून सांगून टाकलं, गणपतीतलं, वरळीचं, सगळं.

तो थोडा वेळ बघत राहिला. मग हसला. “काका, तुम्ही काय बोलला होतात ते मला आठवत पण नाही. त्याने डावा पाय टाकला, मला वाटलं भार आला. आला नव्हता. एवढंच.”

सात वर्षं मी उगाचच त्याच्या झेपेत माझा वाटा धरून बसलो होतो. बरं वाटलं की वाईट, हे अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी त्याचा सामना बघितला. वही नेली होती, तीच जुनी, फक्त एक रकाना वाढवून: ‘रिकामा परत’. समोरचा मुख्य रेडर त्याच्या बाजूने नऊ वेळा आला. दोनदा घोट्यात सापडला. सात वेळा रिकामा परत गेला. सामन्याच्या कागदावर आमच्या डाव्या कॉर्नरच्या नावापुढे दोन गुण लिहिलेत.