मकबऱ्याची नक्षी आणि आपाच्या खोलीचा कोपरा

सुट्टीत मी आपाकडे औरंगाबादला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन बीबी का मकबरा पाहिला. दिलरास बानू बेगमची ही कबर. बांधणाऱ्यांपैकी अताउल्लाह आणि हंसपतराय यांची नावे दरवाज्यावर आहेत. लोक याला 'गरिबांचा ताज' म्हणतात, ते मला मुळीच आवडत नाही. संगमरवर खालच्या भागाला आणि घुमटालाच. मधे बराचसा दगड आणि त्यावर चुन्याचा घोटलेला गिलावा. त्या गिलाव्यात काढलेली फुलं-वेली पाहून मुलीने विचारलं, "हे खरंच चुन्याचं आहे?" मी मात्र नक्षीऐवजी सांधेच पाहत होते. कारण आदल्या रात्री आपाच्या घरी एका सांध्यावरूनच कटकट झाली होती.

आपाच्या नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात छताखाली लाकडी कॉर्निस बसत होती. एका कोपऱ्यात दोन पट्ट्यांमध्ये फट पडली. दुलाभाईंनी सरळ सांगितलं, "मजुरी कापणार." मिस्त्री खाली मान घालून उभा. दोन दिवसांची मजुरी म्हणजे त्याच्या घरचा किराणा.

परत आल्यावर मी त्यालाच विचारलं, "चुकलं कुठे?" त्याने मायटर बॉक्स दाखवला. ही पट्टी तिरकी बसते, म्हणून कापताना उलटी धरायची: छताकडची कड बॉक्सच्या तळाला, भिंतीकडची कड उभ्या फळीला. अशी धरून त्याने दोन्ही पट्ट्या 45 अंशांत कापल्या होत्या. काप बिनचूक होते. मग त्याने कोपऱ्यात गुण्या लावला. एक बाजू भिंतीला चिकटली, दुसरी फुटभर अंतरावर बोटभर सुटली. कोपराच काटकोनात नव्हता, 93 अंशांच्या आसपास असावा. 45 आणि 45 मिळून 90. उरलेले अंश फटीत दिसत होते. मी भाषा शिकवते, पण एवढं गणित मलाही येतं.

"कोपिंग करू का म्हणून विचारलं होतं, बाई. वेळ जास्त लागतो म्हणून नको म्हणाले."

ती पद्धत अशी. एक पट्टी सरळ भिंतीला भिडवायची. दुसरीचा 45 चा काप घ्यायचा, आणि कापाची दर्शनी कड जशी वळते तशी बारीक पात्याच्या करवतीने ती कोरायची, मागचं लाकूड थोडं उतरतं काढून. कोरलेली पट्टी पहिलीच्या नक्षीवर टोपीसारखी बसते. कोपरा दोन-तीन अंश वाकडा असला तरी फट दिसत नाही. शेवटी कानस फिरवायची.

दुलाभाई आले तेव्हा मी गुण्या त्यांच्याच हातात दिला. "कोपऱ्यात लावून बघा." त्यांनी लावला. पुन्हा लावला. मग आपाकडे न पाहता म्हणाले, "बिल्डरने भिंतच वाकडी दिली की."

"मग मजुरी?" मी विचारलं.

"देतो की पूरी. कोपिंगचे वेगळे किती घेणार ते विचार."

मिस्त्रीने आकडा सांगितला. दुलाभाईंनी घासाघीस केलीच, पण थोडीच. आपाने चहा टाकला, मिस्त्रीने घडवंची त्या कोपऱ्याकडे सरकवली.