दिसू नये अशी आई

स्पाइक जोन्झच्या चित्रपटात मॅक्सची आई दिसते. कॅथरीन कीनरनं काम सुरेख केलंय, तरी ती मला खटकली. चित्रपट बेतलाय मॉरिस सेंडॅकच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या चित्रपुस्तकावर; पुस्तकात ती एकदाही दिसत नाही. ओरडते, उपाशी झोपायला पाठवते आणि शेवटी गरम जेवण खोलीत ठेवून जाते. चेहरा नाही म्हणूनच ती कुणाचीही आई होते. कीनर फक्त मॅक्सची.

पुस्तकात जेमतेम साडेतीनशे शब्द. बाकीचं चित्रांचा आकार सांगतो. मॅक्स घरात दंगा करतो तेव्हा चित्र छोटंसं, भोवती भरपूर पांढरा समास. पुढं खोलीत झाडं उगवतात, चित्र फुगत जातं, समास गिळतं. धिंगाण्याच्या तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. परतताना चित्र पुन्हा आवरतं घेतं आणि शेवटच्या पानावर तर उरतच नाही. पडद्याची चौकट मात्र सदा तेवढीच. रागाला वाढायला जागाच नाही. म्हणून की काय, २००९ सालचा हा मॅक्स घराबाहेर पळतो. पुस्तकातला आपल्या खोलीतच असतो.

पुस्तकाच्या नावातले ‘वाइल्ड थिंग्ज’, म्हणजे मॅक्सला भेटणारे राक्षस, सेंडॅकला घरीच भेटले होते. ब्रुकलिनमध्ये रविवारी पोलंडहून आलेले नातेवाईक जेवायला यायचे. पिवळे दात, तांबारलेले डोळे, नाकातले केस. स्वयंपाकाला उशीर व्हायचा आणि पाहुणे पोरांचे गाल ओढत खाऊन टाकायच्या गोष्टी करायचे.

आमच्याकडे सांगलीच्या आत्या यायच्या. मिश्रीनं काळे झालेले दात, हातात खडबडीत पाटल्या. उंबऱ्यातच मला पकडून गालगुच्चा घ्यायच्या आणि विचारायच्या, “खाऊ का गं तुला?” मी आईकडं बघायची. आई पोळी लाटता लाटता म्हणायची, “खा हो वन्सं, फार सतावते.” बायका खदखदून हसायच्या. पंगत बसेपर्यंत मी माळ्यावर. वरून आत्यांचं जेवण बघायची: भाताचा डोंगर, त्यात वरणाचं तळं, एकेक घास लिंबाएवढा. दुसरी वाढणी घेतली की मला हायसं वाटायचं. पोट भरलं म्हणजे आजचं संकट टळलं.

त्या आत्यांना मनही होतं, दुःखंही असणार; पण पाचव्या वर्षी ती कुणाला दिसतात? जोन्झनं राक्षसांना नावं दिली, रुसवे दिले, एकटेपण दिलं. ते मोठ्यांना भावतं. निर्मात्यांत खुद्द सेंडॅकचं नाव असल्यामुळं माझी तक्रार ऐकायला कुणी उरलेलं नाही.

खरं तर या पुस्तकात आधी जंगली घोडे यायचे होते. सेंडॅकला घोडे नीट काढता येईनात, म्हणून राक्षस आले. उत्तम घोडे काढणारे चित्रकार पुष्कळ असतील. त्यांच्या घरी रविवारी पाहुणे येत नसावेत.