चौथी मोटर

पोस्टिंग बंगळूरला असल्याचा माझ्या दृष्टीने मोठा फायदा म्हणजे मल्लेश्वरम. आठव्या क्रॉसला फुलांच्या टोपल्या, संपिगे रोडवर कॉफीचा वास, आणि काडू मल्लेश्वराचं देऊळ, ज्याचं नाव व्यंकोजीराजांशी जोडलं जातं. माझा मावसभाऊ इथेच राहतो. रविवारी आऊटपास मिळाला की पाय तिकडे वळतात.

गेल्या खेपेला पुतण्याने टेबलावर त्याचा ड्रोन आणून ठेवला. स्वतः जुळवलेला, बॅटरीसकट सातशे ग्रॅमचा. सकाळी झाडाला धडकून सिमेंटच्या कट्ट्यावर आपटला होता. दोन पाती तुटलेली.

"काका, नवीन पाती लावली की झालं. संध्याकाळी मैदानावर नेतो."

रविवारी संध्याकाळी मैदानावर सगळी पोरं क्रिकेट खेळत असतात. आणि चार पंख्यांच्या ड्रोनला स्टेपनी नसते. एक मोटर थांबली की तो गिरक्या घेत खाली येतो, कोणाच्या डोक्यावर ते तो ठरवत नाही. म्हटलं, आधी बघू या. (बंगळूरमध्ये येलहंका, एचएएल असे विमानतळ आहेत, डिजिटल स्कायच्या नकाशावर लाल झोन कुठे आहे हे न बघता उडवायचंच नाही, हेही सांगून टाकलं.)

शस्त्र हातात आलं की आधी मॅगझीन बाहेर. तसं इथे आधी बॅटरी बाहेर, मग उरलेली पाती काढायची. बॅटरीचा एक कोपरा चेपलेला होता. ती चार्जिंगला लावायची नाही, म्हणून गच्चीत वाळूच्या बादलीत ठेवली. तोंड पाडून का होईना, त्यानेच नेऊन ठेवली.

मग मोटरी. या ब्रशलेस मोटरी. आत तांब्याची गुंडाळी जागेवर असते आणि लोहचुंबकांची बाहेरची टोपी फिरते. बोटाने फिरवताना ठराविक अंतरावर हलके गचके लागतात. ते चुंबकांचे, त्यात बिघाड नाही. नवखा माणूस इथेच घाबरतो. बघायचं ते वेगळं : वाळू भरल्यासारखी खरखर आहे का, टोपी वर-खाली किंवा बाजूला हलते का, आणि एका फेरीत एकदाच कुठे घासते का. खरखर म्हणजे बेअरिंग गेलं किंवा माती शिरली. फेरीत एकदाच घासणं म्हणजे शाफ्ट किंवा टोपी वाकली, नाहीतर चुंबक सरकला. चारही मोटरी एकामागून एक फिरवायच्या. फरक एकट्या मोटरीत कळत नाही, तुलनेत कळतो.

तीन सारख्या होत्या. चौथी लवकर थांबली, प्रत्येक फेरीत 'खस्' असा एक आवाज करून. डोळ्याच्या रेषेत धरून फिरवली तर टोपी झुलत होती.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने मल्टीमीटर काढला. तारा सोडवून तपासलं : गुंडाळीचा मोटरीच्या अंगाशी संपर्क नाही, तिन्ही तारांमध्ये जोड शाबूत. "बघा काका, ठीक आहे." पण गुंडाळीचा रोध इतका कमी असतो की साध्या मीटरला दोन वेढे एकमेकांना चिकटलेले कळत नाहीत. त्यासाठी जुनी युक्ती आहे. दोन-दोन तारा एकमेकींना टेकवून मोटर फिरवायची. तिन्ही जोड्यांत सारखाच जडपणा लागला पाहिजे. तोही सारखा लागला. म्हणजे वीज ठीक, लोखंड वाकडं.

पक्कड लावून सरळ करू, असं त्याचं म्हणणं. मी नको म्हटलं. मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या आसपास जाणारी वस्तू डोळ्याच्या अंदाजाने सरळ होत नाही. थरथर राहते, ती बेअरिंग खाते, आणि फ्लाइट कंट्रोलरमधला जायरोही गोंधळतो. अर्धा तास तो माझ्याशी बोलला नाही. मित्रांना संध्याकाळी बोलावून बसला होता, खिशात पैसे मोजकेच. वहिनींनी कॉफी आणली, तेव्हा कुठे त्याने फोन करून मित्रांना नको म्हणून सांगितलं.

सोमवारी त्याने एसपी रोडवरून तशीच मोटर आणली. मी फोनवरून दोनच गोष्टी सांगितल्या. बसवताना स्क्रू लांब नको, त्याचं टोक गुंडाळीत घुसतं. आणि पहिल्यांदा वीज देताना बॅटरीच्या वाटेत एक बल्ब जोड. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, सर्किट जळणार नाही. मग पाती न लावता हळू वेगाने मिनिटभर चालवून चारही मोटरींना बोट लावून बघ, एखादीच गरम लागते का.

रात्री त्याचा मेसेज आला : चारही सारख्याच कोमट. जुनीची टोपी उघडून त्याने चुंबकही मोजले होते, चौदा. एकाचा कोपरा उडालेला, तो तुकडा आतच चिकटून बसला होता.